‘अतिदुर्मिळ’ इंजिन, ‘चांदीचे’ रूळ आणि १८५३चा कंदील: बोली लावू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. घरी दोन रुळांचा, एचओ मापाचा मॉडेल रेल्वेचा सेट आणि १२ व्होल्टचा कंट्रोलर आहे. पुढे पाचोरा–जामनेरच्या छोट्या गाडीचा देखावा करायचं मनात आहे. सध्या ऑनलाइन लिलावातल्या तीन वस्तू डोळ्यांत भरल्यात. पहिली: “अतिदुर्मिळ जर्मन मर्क्लिन इंजिन, साल १८८९, चालू स्थितीत, तपासलेलं नाही, सोबत निकेल सिल्व्हर कंपनीचे चांदीचे रूळ”. फोटोत इंजिनावर ८९ ००६ असा आकडा दिसतो आणि बोली साडेनऊ हजारांवर गेलीय. दुसरी: अमेरिकेतून “अँटिक लायोनेल सेट, ट्रान्सफॉर्मरसह”, माल पाच हजारांचा, टपाल तीन हजार. तिसरी: व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात “जीआयपीआर १८५३, अस्सल पितळी कंदील” (जीआयपीआर म्हणजे जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि त्याच माणसाकडे टोकनचा गोळा, म्हणजे एकेरी मार्गावर गाडी पुढे न्यायचा परवाना म्हणून ड्रायव्हरला देत तो. मुलगा म्हणतो, फसाल. सांगा भो, घेऊ का सोडू?

उत्तर:

काका, नमस्कार.

दुसरी आणि तिसरी वस्तू सोडून द्या. पहिलीवर आज बोली वाढवू नका. खाली सांगितलेले फोटो विक्रेत्यानं पाठवले तरच तिचा विचार करा, आणि तोही साडेनऊ हजारांच्या पुष्कळ खाली. लिलावात बोली लावायची ती फोटोवर, वर्णनावर नाही. वर्णन लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ती वस्तू काय आहे हे माहीतच नसतं. कुणाच्या तरी माळ्यावरून आलेला खोका तो विकत असतो आणि वस्तूवर जे अक्षर, जो आकडा दिसेल त्यातून कंपनी आणि साल जुळवत असतो. तुमचं पहिलं लिस्टिंग याचा नमुना आहे.

१८८९ हे साल त्यानं ८९ ००६ वरूनच काढलेलं दिसतं. तो आकडा म्हणजे जर्मन रेल्वेच्या ८९ वर्गातल्या लहान टँक इंजिनाचा क्रमांक. त्या मालिकेतली खरी इंजिनंच मुळात १९३४ पासून बांधली गेली. मर्क्लिननं या मापाची विजेवरची टेबलावरची गाडी बाजारात आणली ती १९३५ साली. तेव्हा १८८९चा प्रश्नच येत नाही. ८९ ००६ हे मर्क्लिनचं युद्धानंतरचं मॉडेल, कॅटलॉग क्रमांक ३०००. सुरुवातीच्या सेटमध्ये हेच इंजिन घालून कंपनीनं ते अनेक दशकं प्रचंड संख्येनं विकलं. इंजिन गुणी आहे, दणकट आहे, सुटे भाग मिळतात. दुर्मिळ मात्र अजिबात नाही.

सालांच्या अशा गमती पुष्कळ सापडतील. मर्क्लिन कंपनी १८५९ची, म्हणून खोक्यावरचं स्थापनेचं साल बघून कुणी इंजिनच १८५९चं ठरवतो. ‘पेटंट पेंडिंग’ या अक्षरांना कंपनीचं नाव समजून कुणी तसं शीर्षक देतो. कुणी इंजिन रुळावर उलटं ठेवून फोटो काढतो, आणि त्यातून आपल्याला तळ फुकटात बघायला मिळतो. वाचून हसा, पण काही सालं पाठ असू द्या. ‘पश्चिम जर्मनीत बनवलं’ असा शिक्का असेल तर वस्तू १९४९ ते १९९० मधली. ‘ब्रिटिश रेल्वेज’ ही संस्था १ जानेवारी १९४८ला जन्मली. त्या नावाचा डबा १९२०चा असू शकत नाही. खोक्यावर ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ असं ब्रिटिश कंपन्यांचं जोडनाव असेल तर वस्तू १९६५ नंतरची. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ला स्थापन झाली हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं. ‘मध्य रेल्वे, १९३०’ असं लिहिलेलं काहीही दिसलं की पुढे जा.

आता चांदीचे रूळ. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्र धातू. जळगावच्या सराफ बाजारात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, तोच. त्यात चांदी शून्य. रुळांवर तो शब्द असतो तो धातूचं नाव म्हणून, कंपनीचं नाही. पण या शब्दानं तुमचं एक महत्त्वाचं काम केलंय: हे रूळ मर्क्लिनचेच का, ही शंका त्यातूनच येते. मर्क्लिनच्या एचओ रुळात मधोमध, प्रत्येक स्लीपरवर खिळ्याच्या डोक्यासारखा एक ठिपका असतो आणि इंजिन त्यावरून वीज घेतं. जुने मर्क्लिन रूळ पत्र्याच्या पायावरचे असतात. फोटोतले रूळ साधे दोन रुळांचे असतील आणि मध्ये ठिपके नसतील, तर ते दुसऱ्याच कंपनीचे आहेत. म्हणजे खोका दोन-तीन घरांतून गोळा करून भरलाय. विक्रेत्यानं हे इंजिन या रुळांवर कधी चालवलेलंच नाही, कारण ते त्यांवर चालणारच नाही.

तुमच्या दृष्टीनं मुख्य अडचण हीच. मर्क्लिनची पद्धत एसीची. मधले ठिपके एक टोक, दोन्ही रूळ मिळून दुसरं टोक. त्यामुळे एका धुऱ्यावरची दोन्ही चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं वेगळी केलेली नसतात. तुमचा सेट डीसीचा: एक रूळ धन, दुसरा ऋण. त्यावर हे इंजिन ठेवलं की चाकं आणि धुरा मिळून दोन्ही रूळ थेट जोडतील. शॉर्ट. कंट्रोलरचं संरक्षण चांगलं असेल तर तो नुसता बंद पडेल, नसेल तर जळेल.

हे बोली लावण्याआधी कळण्याचे दोन मार्ग आहेत. विक्रेत्याकडे मल्टिमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर, म्हणजे ‘बीप’वर ठेवून एका धुऱ्याच्या डाव्या-उजव्या चाकाला टोकं लावायला सांगा. बीप वाजला आणि आकडा जवळजवळ शून्य दिसला तर इंजिन तुमच्या रुळांवर चालणार नाही. मल्टिमीटर नसेल तर तळाचा फोटो मागा. पोटाखाली मधोमध लांबट धातूची पट्टी लोंबत असेल तर ती ठिपक्यांवरून वीज घेणारी पट्टी, म्हणजे तीन-वाहक एसी. मर्क्लिननं दोन रुळांच्या डीसीसाठी ‘हामो’ नावानं वेगळी इंजिनं काढली होती. खोक्यावर ते नाव असेल तर गोष्ट वेगळी.

“चालू स्थितीत, तपासलेलं नाही” ही दोन वाक्यं एकत्र नांदूच शकत नाहीत. ‘तपासलेलं नाही’चा व्यवहारातला अर्थ बंद आहे असाच धरा आणि बंद इंजिनाचीच किंमत द्या. ‘चालू’ म्हणणाऱ्याकडून तीसेक सेकंदांचा अखंड व्हिडिओ मागा. इंजिन रुळावर हवं, मागे दोन-तीन डबे जोडलेले हवेत, पुढे जाऊन थांबून मागे यायला हवं, आणि एकदा अगदी हळू चालायला हवं. इंजिन हातात उलटं धरून चाकांना नऊ व्होल्टची बॅटरी टेकवलेला व्हिडिओ पुष्कळजण पाठवतात. त्यातून मोटर फिरते एवढंच कळतं. अशक्त झालेलं चुंबक, झिजलेले ब्रश, सुकून डिंकासारखं झालेलं ग्रीस ही दुखणी ओझं ओढताना दिसतात, हवेत चाकं फिरताना नाही. व्हिडिओचा आवाज मोठा करून ऐका. चाकाच्या फेऱ्यागणिक एकसारखं ‘टक टक’ येत असेल तर धुऱ्यावरचं प्लास्टिकचं गिअर चिरलंय. नायलॉनचं गिअर धुऱ्यावर घट्ट बसवलेलं असतं, वर्षांनुवर्षं त्या ताणात राहून त्याला चीर पडते, दोन दात फाकतात आणि तिथे ते अडखळतं. दहा-वीस वर्षं न वापरलेलं, खोक्यातलं ‘नवंकोरं’ इंजिनही असं चिरलेलं निघतं. तेव्हा ‘कधीच चालवलं नाही’ हे कौतुक मानू नका.

फोटो चार मागा: तळाचा, दोन्ही टोकांचे कपलिंग समोरून, चाकांचा जवळून, शेजारी प्लास्टिकची मोजपट्टी ठेवून, आणि खोका असेल तर त्याच्या टोकावरच्या चिठ्ठीचा. मोजपट्टीचं कारण मापाचं आहे. एचओ आणि ब्रिटिश ओओ दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर चालतात, पण एचओ १:८७ आणि ओओ साधारण १:७६ असतं. ‘एचओ’ म्हणून ओओ विकलं जातं ते यामुळेच, आणि शेजारी उभं केलं की डबा धिप्पाड दिसतो. एन मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. भारतीय डब्याचं लिस्टिंग असेल तर लांबी विचारा. आयसीएफच्या, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या धाटणीच्या, डब्याची मूळ लांबी २१,३३७ मिलिमीटर. एचओत तो साधारण २४५, ओओत २८० आणि एनमध्ये १३३ मिलिमीटर भरायला हवा. एलएचबीचा, म्हणजे नव्या जर्मन धाटणीचा, डबा एचओत २७० भरतो. उत्तर २१० आलं तर तो खेळण्यासाठी आखूड केलेला, नाहीतर भलताच कुठला डबा आहे.

‘भारतीय, मर्यादित आवृत्ती’ या नावाखाली युरोपी डब्याला निळा रंग आणि स्टिकर लावून विकण्याचा प्रकारही चालतो. ते तुमच्याइतकं चांगलं कोण ओळखणार? बिगर-एसी डब्याच्या खिडक्यांना आडव्या सळया आहेत का, दारं कुठे आहेत, बघा. घाटातल्या ‘खेकड्या’चं मॉडेल म्हणून स्विस क्रोकोडाइल पुढे केलं तर धुरे मोजा. आपल्या खेकड्याला, म्हणजे जीआयपीच्या ईएफ/१ला, तीन-तीनच्या दोन जोडण्यांत सहा धुरे. स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान चाकांचा धुरा जास्त, म्हणून आठ.

युद्धापूर्वीची किंवा लगेच नंतरची कुठलीही ओतीव धातूची वस्तू घेताना अंगावरच्या केसासारख्या बारीक चिरा बघा. जस्ताच्या मिश्रणात शिशाचा अंश राहून गेला तर धातू आतून कणाकणांत सुटत जातो, फुगतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. यावर इलाज नाही. विक्रेता तिला ‘रंगाला गेलेली बारीक रेघ’ म्हणेल. रंगाचा टवका वरवर उडतो. ही चीर कडेपर्यंत जाते आणि चौकट सरळ पट्टीला लावली तर मध्ये बाक दिसतो. चिरा दिसल्या की वस्तू सुट्या भागांसाठीसुद्धा घेऊ नका.

किंमत ठरवताना मागितलेल्या किमती बघायच्या नाहीत, विकल्या गेलेल्या बघायच्या. लिलावाच्या साइटवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी गाळणी असते. कॅटलॉग क्रमांक टाकून, खोका नसलेल्या आठ-दहा विक्री काढा आणि त्यांतली मधली किंमत धरा. ‘अतिदुर्मिळ’ शब्द असलेली त्याच क्रमांकाची लिस्टिंगं एका वेळी ढिगानं चालू दिसतील, तेवढ्यानंच पुरेसा उलगडा होईल. मग आपली कमाल रक्कम कागदावर लिहा आणि शेवटच्या मिनिटात एकदाच टाका. साइट तुमच्या वतीनं लागेल तेवढीच वाढवते, पूर्ण रक्कम लगेच लावत नाही. चार दिवस आधीपासून शंभर-शंभरनं चढत गेलात तर तुम्हीच भाव वाढवता. समोरच्या बोलीदाराचा इतिहास उघडता आला तर बघा: नवं खातं, एकही खरेदी पूर्ण नाही आणि बोल्या फक्त याच विक्रेत्याच्या वस्तूंवर, असं असेल तर तो भाव चढवायला बसवलेला माणूस असण्याची शक्यता मोठी.

लायोनेलकडे येऊ. हा ओ मापाचा, तीन रुळांचा, रुळाची रुंदी ३२ मिलिमीटर. तुमच्या सेटशी त्याचं काहीच जुळत नाही. ‘अँटिक’ म्हणतात तो माल बहुधा १९५०च्या आसपासचा असतो आणि तेव्हा तो अमेरिकेत घरोघरी होता. खरा धोका ट्रान्सफॉर्मरचा आहे. त्याच्या पाटीवर ११५ किंवा १२० व्होल्ट, ६० सायकल असं असेल. आपल्या २३० व्होल्टमध्ये खोचला की गाभा संपृक्त होतो, करंट कितीतरी पटींनी वाढतो आणि काही सेकंदांत धूर. वर सत्तर वर्षांची रबरी वायर हातात भुगा होते. २३० चे ११० करणारा स्टेपडाउन लावता येतो, पण तो ट्रान्सफॉर्मरच्या वॅटेजच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो, आणि वायर तरीही बदलावीच लागते. जर्मनीचा २२०–२३० व्होल्ट, ५० सायकलचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे चालतो. अमेरिकेचा तसाच लावायचा नाही.

शिवाय सीमाशुल्क. ते नुसत्या मालावर नाही, माल अधिक टपाल अधिक विमा या बेरजेवर लागतं. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७०. तुमचे पाच हजार आणि तीन हजार मिळून आठ हजार; त्यावर ७० टक्क्यांनी ५,६०० रुपये, म्हणजे माल १३,६०० वर गेला. वर आयजीएसटी आणि कुरिअरवाल्याचा आकार. पार्सल कोणत्या शीर्षकाखाली मोजलं जातं त्यावर आकडा बदलेल, पण हिशेब वाईटात वाईट धरूनच करा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं गुणवत्ता-चिन्ह सक्तीचं झाल्यापासून अशी पार्सलं अडकण्याची शक्यताही आहेच. परत पाठवायचा खर्च तुमच्याच अंगावर येतो.

कंदिलावरचं १८५३ म्हणजे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ते साल. मुरादाबादसारख्या ठिकाणी शोभेचे नवे पितळी दिवे बनतात, त्यांवर हे साल ओतलेलं असतं. वस्तू म्हणून त्यात वाईट काही नाही. पण ती नवी आहे म्हणून नव्याच्या भावानं विकावी. ओळखायची कशी? अक्षरांच्या कडा बोथट आणि रवाळ असतील तर ते ओतीव नक्कल-काम. फुलीच्या खाचेचा स्क्रू कुठेही दिसला तर वस्तू १९३०च्या दशकाआधीची नाही, कारण तो स्क्रूच तेव्हा आला. काळसर झाक केमिकलनं आणलेली असेल तर ती खाचेत आणि उंचवट्यावर सारखीच असते. हातांनी वापरलेल्या दिव्याची कडी आणि मूठ घासून उजळलेली असते. आणि हातात धरायचे कामाचे दिवे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे असत, चकाकत्या पितळेचे नाही.

टोकनच्या गोळ्याला मात्र हातही लावू नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ असं सांगतो की चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू ज्याच्याकडे सापडेल, त्यानं ती कायदेशीररीत्या आली हे सिद्ध करायचं. पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद आहे. निवृत्त रेल्वेमाणसाच्या कपाटात तो गोळा सापडला तर आरपीएफ पहिला प्रश्न कुणाला विचारेल? रेल्वेच्या भंगार-लिलावाची पावती, तीत त्या वस्तूचा उल्लेख आणि तुमच्या नावची विक्री-पावती, एवढं तिन्ही असेल तरच बोलणं पुढे न्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आगाऊ पैसे तर अजिबात नकोत. परताव्यासाठी ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर ती फसवणूकच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन.

पाचोरा–जामनेरचा तुमचा बेत मात्र आम्हाला फार आवडला, आणि तो या तिन्ही वस्तूंपेक्षा स्वस्तात होण्यासारखा आहे. ती लाइन मूळची नॅरोगेज, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असलेली. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे एन मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. माणसं, घरं, झाडं एचओचीच चालतात. या जोडमापाला एचओई म्हणतात; लिलावात त्याच नावानं शोधा. एनच्या जुन्या इंजिनाची चालती चौकट घ्यायची, वरचं कवच गेलेलं असलं तरी चालतं, आणि त्यावर प्लास्टिक शीटचं आपलं कवच चढवायचं. वीसेक सेंटिमीटर त्रिज्येचं वळण पुरतं, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर गोल बसतो. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय नक्की बघून या. लहान मापातलं काम प्रत्यक्ष कसं दिसतं ते तिथे डोळ्यांनी कळतं.

चौकट एप्रिल-मेमध्ये मागवू नका. भुसावळच्या उन्हात बंद टेम्पोत दिवसभर पडलेलं जुनं पातळ प्लास्टिक वाकतं. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या पत्त्यापासून सुरुवात करून. परताव्याचा वाद झाला तर तोच पुरावा. लगेच वीज देऊ नका. चाकं बोटानं फिरवून बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोल आणि थिनर नको, प्लास्टिक विरघळतं. धुऱ्याच्या टेकूंवर सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या, मोटरच्या ब्रशवर मात्र नको. मग गॅरेजातून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब आणा आणि तो कंट्रोलरच्या एका तारेत, इंजिनाच्या आधी, मालिकेत जोडा. त्यामुळे करंट एक अँपियरच्या आतच राहतो. कंट्रोलर हळूहळू वाढवा. बल्ब विझलेला किंवा अगदी मंद राहून इंजिन हललं तर ठीक. बल्ब लख्ख पेटला आणि इंजिन जागचं हललं नाही तर एकतर आत शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. तिथेच बंद करा, त्याच दिवशी फोटोसह परतावा मागा.